रणातली गाढवं आणि सुके बोंबील

आधीच सांगून टाकते, ती सहल माझ्या दिराने ठरवली. मी नाही. तोंडावर त्याला भावोजी म्हणते, पण मनात अरे-तुरेच चालू असतं. कोलाडला हायवेवर त्याची खाणावळ आहे. गिऱ्हाइकाला पाण्यासारखी आमटी वाढून वर "कशी झाली?" म्हणून विचारायची छाती असलेला माणूस तो. मोबाईलवर कुठलीतरी जाहिरात बघून एका रविवारी रोह्याला आमच्या घरी आला आणि चपला काढायच्या आधीच सुरू झाला.

"वहिनी, कच्छचं छोटं रण आणि समुद्र, दोन्ही एकदम. जीप सफारी, राहणं, खाणं, सगळं आलं त्यात. स्वस्तात मस्त. दादाची हौस फिटेल."

हौस होती, हे खरं आहे. आमचे हे धाटावला कंपनीत ऑपरेटर होते. डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला आणि नोकरी सुटली. पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, नजर आकसत जाणार, आता नळीतून बघितल्यासारखं दिसतंय तेही जाणार, वर्षभरात जे बघायचं ते बघून घ्या. तेव्हापासून हे टीव्हीला नाक लावून दिवसभर प्राण्यांचे कार्यक्रम बघत. सिंह, गवे, लांडगे. एकदा म्हणाले, "एक तरी जंगली जनावर खरंखुरं, मोकळं धावताना बघायला पायजे गो. पिंजऱ्यातलं नको." आणि परत टीव्हीला नाक लावलं. या माणसाने लग्न झाल्यापासून माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे ते एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं होतं.

"मग काय आहे त्या रणात? सिंह?" मी विचारलं.

"रानगाढवं," दीर म्हणाला.

"गाढव बघायला गुजरातेत कशाला जायला पायजे? कोलाडला गल्ल्यावर रोज एक बसलेलं असतं की."

हे पोट धरून हसले. आणि हसता हसताच म्हणाले, "जाऊया गो." मग काय, माझ्या तोंडाला कुलूप.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमचा माणूस कुठेही निघाला की त्याच्या सामानात सुकी मासळी असतेच. देवाला निघाला असेल तर नाही, एवढाच काय तो अपवाद. शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायका आखातात जाणाऱ्या पोरांच्या बॅगेत सोडे असे बांधून देतात की विमानतळावर कुत्र्यालाही वास लागू नये. यांना तर जेवणात मासळीचा तुकडा नसेल तर घास उतरत नाही. सुकी तर सुकी. माझ्या जाऊबाईने जवळा आणि बोंबील डबल पिशवीत बांधून घेतले. जाऊबाई तशी बरी आहे. नवरा तेवढा चुकला तिचा.

गाडीने वीरमगामला उतरलो, तिथून जीपने तासाभराच्या वर धूळ खात मुक्कामाला. गोल झोपड्या, भिंतींना आरसे लावलेले, आणि नळाचं पाणी इतकं खारट की चहा केला तर घशाखाली उतरेना. मालक म्हणजे पांढऱ्याशुभ्र कपड्यातले एक काका, हात जोडून बोलणारे. मला गोड बोलणाऱ्या माणसाचा पहिल्यापासून संशय येतो. त्यांनी सांगितलं, सकाळी उजाडताच जीप निघेल, कोवळ्या उन्हात जनावरं जवळ येतात. मला तेच हवं होतं. यांना अंधारात काही दिसत नाही आणि भर उन्हात डोळे दिपून जातात. सकाळचं कोवळं ऊन तेवढं यांच्या कामाचं. आणि पॅकेज स्वस्तातलं, म्हणून सकाळ एकच. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर समुद्राकडे निघायचं होतं. त्या एका सकाळवर सगळं अवलंबून होतं.

संध्याकाळी जेवायला खिचडी, कढी आणि साखर घातलेली डाळ. यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "जरा एखादा बोंबील भाजून मिळेल काय?" एवढं जाऊबाईला हळूच म्हणाले. ती उठली, स्वयंपाकघराच्या मागे चुलीत निखारे होते तिथे गेली आणि बोंबील टाकले. विचारणार कोणाला? आमच्याकडे चुलीत निखारे असले की त्यावर बोंबील पडणारच. त्याची परवानगी घ्यायची असते हे आमच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं.

वास सुटला. आमच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिकडे हाहाकार झाला. पलीकडच्या झोपडीतलं कुटुंब नाकाला पदर, रुमाल लावून बाहेर आलं. स्वयंपाकी अंगणात येऊन बसला, म्हणाला मी आता आत पाऊल टाकणार नाही. तेव्हा कळलं, त्या निखाऱ्यांवर रोज सकाळी देवाच्या नैवेद्याची भाकरी भाजतात. काकांचे जोडलेले हात सुटले. हिंदीत म्हणाले, "बेन, ये आपने क्या किया?"

जाऊबाई अर्धा भाजलेला बोंबील हातात धरून उभी होती. दीर काय करत होता? "सॉरी, सॉरी, ये लोगों को समझता नहीं," म्हणत होता. ये लोग! स्वतःच्या बायकोला आणि भावाला! खाणावळीत बोंबील विकून पोट भरणारा हा माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी पुढे झाले. म्हटलं, "काका, हा बोंबील कुठला आहे ठाऊक आहे का? आमच्या पेणच्या बाजारात आता सुके बोंबील तुमच्याच गुजरातच्या बंदरातून येतात. तुमच्याच दर्याचा आहे तो. माहेरी आलाय असं समजा."

काकांना काही ते पटलं नाही. शांतपणे म्हणाले, चूल पाडून नवी घालावी लागेल, घर धुवावं लागेल, सकाळी सगळी माणसं त्या कामाला लागतील. जीप उजाडताच त्या दुसऱ्या कुटुंबाला घेऊन जाईल, ती लोकं तुमच्याबरोबर बसायला तयार नाहीत. तुम्हाला नंतर.

"नंतर म्हणजे कधी?"

"अकरा बजे."

अकरा! मी त्यांना यांच्या डोळ्यांचं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं. काका म्हणाले, बुरा लगता है, पण काय करू. मग मी जे तोंड सोडलं ते इथे लिहीत नाही. हे माझा हात ओढत होते, "जाऊ दे गो, जाऊ दे." त्यांच्या "जाऊ दे"वर तर माझा सगळ्यात जास्त राग. या दोन शब्दांवर त्यांचा जन्म गेला.

सकाळी ती जीप आमच्या दारावरून धूळ उडवत गेली. हे दारात उभे होते. कोवळं ऊन नुसतं वाया चाललं होतं आणि समोर बघायला एक वाळलेली बाभळ.

आम्ही निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रण म्हणजे काय, तर पावसाळ्यात पाणी आणि एरवी भेगाळलेली, मिठाने पांढरी झालेली जमीन, चारी दिशांना सपाट. आमच्या पेणकडे मिठागरं आहेत, पांढरं मला नवीन नाही. पण आमच्या पांढऱ्याला कडेला बांध असतो, पलीकडे हिरवं असतं. याला शेवटच नव्हता. मी काळा चष्मा लावून डोळे बारीक केले होते, तर यांचं काय होत असेल! डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि हे पुढचा दांडा धरून उभे, मान ताणून.

ड्रायव्हर एक मख्ख माणूस. गालात तंबाखूचा मावा. बराच वेळ फिरवल्यावर त्याने जीप थांबवली आणि हात लांब केला. "वो देखो, घुडखर." रानगाढवाला तिकडे तेच म्हणतात.

"जवळ घे," मी म्हटलं.

"इससे नजदीक नहीं जाते. भाग जाएगा."

"अरे, यांना इथून नाही दिसत! डोळे अधू आहेत त्यांचे! थोडी पुढे घे!"

"नियम है."

"नियम मला शिकवतोस? सकाळी त्या लोकांना किती जवळ नेलंस? ते तर नाश्त्याला सांगत होते, हाताच्या अंतरावर होती म्हणून!"

"सुबह की बात अलग है."

मी पुढे झुकून त्याच्या सीटची पाठ धरली आणि गदागदा हलवली. दीर मागून ओरडला, "वहिनी, व्हिडिओ हलतोय!" मी वळून त्याला म्हटलं, तुमचा व्हिडिओ घाला चुलीत. परत ड्रायव्हरकडे वळले. त्याने मावा थुंकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, चिल्लाओगे तो ये भी जाएगा. मला तर त्याची कॉलर धरून खाली उतरवावंसं वाटत होतं. धरलीही असती.

तेवढ्यात हे म्हणाले, "दिसली! दिसली गो! अरे वा, केवढी हायत! आणि काय धावतात!"

मी सीटची पाठ सोडली. खाली बसले. जाऊबाईने माझा हात दाबला. दिराने दादाच्या पाठीवर थाप मारली, "बघ, म्हटलं होतं ना!" मला रडू येत होतं आणि ते मी रागाने गिळत होते. भांडल्याशिवाय या जगात काही मिळत नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध झालं असं मला वाटलं. काकांचा निरोप घेताना मी हातसुद्धा जोडले नाहीत.

समुद्रावर पोचलो ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. समुद्र म्हटला की मला आमची खाडी आठवते, चिखल, तिवरं, खेकड्यांची बिळं. इथे वाळवंटच चालत येऊन पाण्यात घुसलेलं. काटेरी झुडपं, वाळू, आणि एकदम लाट. सावलीला झाड नाही. दीर आणि जाऊबाई उंटावर बसून लांब गेले, तो उंटावरूनही मोबाईल धरून होताच. आम्ही दोघं वाळूत बसलो. ऊन उतरायला लागलं होतं. मला पहिल्यांदाच जरा बरं वाटत होतं. म्हटलं, स्वस्तातली असो, कशीही असो, यांचं काम झालं.

हे पाण्याकडे तोंड करून म्हणाले, "रंग कसा होता गो त्यांचा? टीव्हीत तांबूस दिसतात. तसाच असतो?"

"म्हणजे? तुम्ही बघितली ना?"

त्यांनी मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडली.

"अवो, तुम्हाला विचारतेय मी. दिसली ना?"

"नाय," हे म्हणाले. "सगळं नुसतं पांढरंफेक होतं."

"मग दिसली दिसली म्हणून बोंबललात कशाला?"

"तू त्या माणसाच्या अंगावर गेली होतीस. नाय म्हटलं असतं तर तू त्याला गाडीतून खाली ओढला असतास. मला नको झालं होतं ते सगळं."

ते माझ्याकडे सरकले. आवाज अगदी मऊ होता. "ते जाऊ दे. आता तू सांग. नीट सांग हां, घाई नको. किती होती? रंग कसा? धावताना मान वर ठेवतात की खाली?"

मी सांगायला तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांपुढे ड्रायव्हरची मान आली. कॉलरवरचा घामाचा डाग आला, गालातला मावा आला, सीटची फाटलेली पाठ आली. मी त्याच्या पलीकडे बघितलंच नव्हतं. एकदाही नाही. जीप परत फिरली तेव्हा मी मान खाली घालून डोळे पुसत होते.

"भावोजींनी व्हिडिओ घेतलाय ना," मी म्हटलं. "त्यात सगळं असेल."

"मोबाईलमधलं मी घरी बघतोच की. तू काय बघितलंस ते सांग."

"अवो... मी पण नाय बघितलं."

"काय?"

"मी त्याच्याशी भांडत होते ना."

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला. उभे राहायला गेले, वाळूत तोल गेला, मी सावरायला पुढे झाले तर मला झिडकारलं. आणि मग हा माणूस, कधी कुणाला मोठ्याने हाक न मारणारा, त्या किनाऱ्यावर चार लोकांसमोर माझ्यावर ओरडला.

"तुला डोळे हायत ना गो? मग तू तरी बघायचंस!"