टांगलेलं तोरण

चतुर्थी जवळ आली की आमच्या मालवणच्या बाजारातले सजावटीच्या दुकानाचे काका शटर पूर्ण वर सारून कामाला लागतात. तोरणं, झालरी, कागदी कमळं रंग जुळवून छताला टांगायची, स्टुलावरून उतरायचं, रस्ता ओलांडून लांबून बघायचं आणि मान हलवत पुन्हा चढायचं. मुंबईचे चाकरमानी उतरेपर्यंत हे चालू असतं.

गेल्या वर्षी मी एका केशरी तोरणाकडे बोट दाखवलं. "काका, माका ता होया."

"ता काढलंय काय बाजूचा उघडा पडतला गो," काका कळवळून म्हणाले. "समोर जा, थंय गावतला."

समोरचा दुकानदार माल पोत्यांत कोंबून ठेवतो. त्याने हात घालून तसंच तोरण काढून दिलं. सगळी गिऱ्हाइकं अशीच, काकांच्या छताखाली निवडतात आणि समोर जाऊन घेतात. काकांना त्याचं काही वाटत नाही. मी पिशवी घेऊन निघाले, तर त्यांनी हाक मारून ते मखराला कुठल्या बाजूने लावायचं तेही बजावलं.

यंदा त्यांचं छत गच्च भरलेलं दिसलं.

"काका, माल बरोच भरलात?"

"माझो खंय," काका झालर सारखी करत म्हणाले. "समोरच्यान टांगूक दिल्यान."