पंच क्रमांक दोन

आबांना काहीही दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "परवाना आहे का?" पस्तीस वर्षं चांद्याच्या जंगलात वनपाल म्हणून काढून हा माणूस ऑकलंडला लेकीकडे, म्हणजे माझ्याकडे आला, तरी खाकी काही अंगावरून उतरली नव्हती. एकदा समुद्रावर शिंपले गोळा करणाऱ्या एका अगडबंब माणसाला अडवून त्यांनी त्याची बादली मोजायला घेतली. मी लाजेनं अर्धी झाले. तो मात्र माओरीत नमस्कार करत "किओरा, बॉस" म्हणाला आणि जास्तीचे शिंपले मुकाट्यानं परत टाकून आला. "बघ, विचारावं लागतं," आबा मला म्हणाले.

या माणसावर मी आजही चिडलेली आहे. उगाच नाही.

मी लहान असताना आबांनी एका बड्या असामीच्या भाच्याला सांबराच्या मांसासकट पकडलं. वरून फोन आले, तरी सोडला नाही. महिन्याभरात बदली. अशा बदल्यांपायी मी तीन शाळा बदलल्या आणि दर वेळी मैत्रिणी मागे टाकून आले. घरातलं मटण बंद झालं तेही तेव्हाच. "दिवसा पंचनामा करायचा अन् संध्याकाळी रस्सा ओरपायचा, हे आपल्याच्यानं होत नाही," असं त्यांनी जाहीर केलं. आईला मटण किती आवडायचं, हे कुणी तिला विचारलंही नाही. मी मात्र तो शब्द मनापासून मानला आणि आजतागायत पाळला.

ऑकलंडच्या टाकानिनी भागात आमच्या शेजारी ग्रॅहम राहतो. सत्तरीचा, विधुर, वर्षातून दोनदा शिकारीला जाणारा. इथली हरणं कोणे एके काळी बोटीतून आणून सोडलेली. सरकारच ती मारायला परवाना देतं. माझी थोरली, रेवा, पंधरा वर्षांची झाली आणि हट्टाला पेटली: "शाळेत सगळे जातात, मॉम. हीप्स ऑफ गर्ल्स टू." मी साफ नाही म्हटलं. तर आबा शांतपणे म्हणाले, "ग्रॅहमसोबत मी नेतो पोरींना. शनिवार-रविवार."

मी हो म्हटलं ते एकाच भरवशावर. आबा सोबत असताना हरणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ऐन वेळी खोकतील, नाहीतर सांबराचा इशाऱ्याचा आवाज काढतील. तो त्यांना इतका हुबेहूब यायचा की क्वार्टरमागची खरी सांबरं दचकून पळत. पोरींना जंगल दिसेल, हौस फिटेल आणि हात रिकामे राहतील, असा माझा हिशोब होता. आबांनी ग्रॅहमचा बंदुकीचा परवाना दोन्ही बाजूंनी तपासला, त्याच्या देखरेखीत रेवाला नेम धरता येतो हे कायद्यात वाचून घेतलं आणि तौपो सरोवरापलीकडच्या जंगलाकडे ग्रॅहम, आबा, रेवा आणि धाकटी ईशा अशी चौघं रवाना झाली.

रविवारी दुपारी गाडी दारात आली. रेवाच्या बाहीवर रक्त होतं. मागे चार पिशव्या भरून मांस.

"कुणी मारलं?"

"मी. आबा सेड येस," रेवा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आनंदाचं त्यात काही नव्हतं.

धाकट्या ईशानं सगळं सांगितलं. आबांनी म्हणे अख्खा शनिवार हरणांकडे पाहिलंच नाही, नुसती जमीन पाहत चालले. जंगल वाचायची त्यांची ती जुनीच रीत, खालून वर. मग नर समोर आला, रेवानं वळून आबांकडे पाहिलं आणि आबांनी मान डोलावली.

मी गॅरेजमध्ये उभी राहून बापावर जन्मात ओरडले नव्हते तेवढी ओरडले. "मग माझ्या तीन शाळा कशासाठी बदलल्या? आईनं पंचवीस वर्षं डाळ-भात कशासाठी खाल्ला?"

"शुभा, त्या जंगलात पोरं नाहीत," आबा म्हणाले. "म्हातारी झाडं आहेत, खाली एक रोप नाही. कमरेपर्यंत सगळं चरून साफ. आपल्याकडे वाघ आहे. इथं कोण आहे? माझं खातं वनखातं होतं. हरीणखातं नव्हतं."

"आणि तो भाचा?"

"त्यानं चोरून मारलं होतं. आपलं हे उघडपणे लिहून ठेवायचंय."

आणि खरोखर लिहायला बसले! गॅरेजमध्ये ताडपत्री अंथरून मांस मांडलं, ईशाची शाळेची वही मागवली आणि रेवाकडून पंचनामा लिहून घेतला, मराठीत. जिला मी दोन वर्षं रविवारच्या मराठी शाळेत ओढत नेलं आणि जिनं बाराखडी पुरी केली नाही, ती पोरगी आबा एकेक अक्षर सांगत होते तशी लिहीत होती. नर. दातांवरून वय अंदाजे चार वर्षं. गोळी एक. मृत्यू जागीच. सर्व मांस आणले, जंगलात काही टाकले नाही. 'आरोपी' या शब्दाशी ती थबकली, अर्थ विचारला आणि पुढे स्वतःचं नाव लिहिलं. तेव्हा ती रडली. पंच क्रमांक एक म्हणून ग्रॅहमनं काही न विचारता इंग्रजीत सही ठोकली.

मग आबांनी वही माझ्यापुढे धरली. "पंच क्रमांक दोन. सही कर."

"मला हे पसंत नाही."

"पंचाला पसंत असावं लागत नाही. त्यानं पाहिलेलं असावं लागतं. तू पाहिलंस ना?"

मी तरातरा घरात निघून गेले. मांस ग्रॅहमनं आणि पोरींनी महिनाभर खाल्लं. आबांनी घास घेतला नाही, आणि मला त्याचाही राग आला. आपण खायचं नाही आणि पोरींना खायला लावायचं! ते चांद्याला परत निघाले तेव्हा विमानतळावर मी पाया पडले, तर ते एवढंच म्हणाले, "एका पंचाचा कागद कच्चा राहतो, शुभा." पुढच्या पावसाळ्यात चांद्याला ते वारले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. जाण्याआधी निदान मला भांडण पुरं करू द्यायचं होतं. तेवढंही त्यांनी केलं नाही.

गेल्या आठवड्यात रेवा ती वही घेऊन आली. ती आता अठरा वर्षांची आहे, स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज भरतेय. "मॉम, याच्यावर सही कर. त्याशिवाय मी दुसरं पान नाही सुरू करणार. आबांना नसतं चाललं."

मी पान वाचलं. वाकडीतिकडी अक्षरं, मध्येच ग्रॅहमची सही, खाली रिकामी ओळ. माझी चीड तसूभरही कमी झालेली नाही. ते झाडांबद्दल खरं बोलले असतील, पण मला आधी सांगायला हवं होतं, आणि माझ्या तीन शाळांचं उत्तर त्यांनी दिलेलंच नाही.

पण मी पाहिलं होतं. ताडपत्री पाहिली होती, मांस पाहिलं होतं, रडत लिहिणारी माझी पोर पाहिली होती, आणि तिच्याशेजारी उकिडवे बसलेले, बोटानं तिला ओळ दाखवणारे आबा पाहिले होते.

मी पेन घेतलं. 'हरकत नोंदवून' असं आधी ठळक लिहिलं, आणि त्याखाली सही केली.