कॅरव्हॅनची उंची, मराठीतून

मी कॅरव्हॅनची उंची मराठीतून सांगितली. चूक एवढीच. बाकी जे काही झालं, ते त्या चुकीला मागून जोडलेलं होतं.

कॅरव्हॅन सेकंडहँड. ट्रुगानिना या इथल्या उपनगरातल्या आमच्या ड्राइव्हवेवर ती उभी राहिली आणि रस्त्यावरून आमचं घर दिसेनासं झालं. बायको म्हणाली, "फोनमध्ये मॅप आहे ना? मग वेगळा जीपीएस कशाला?" मी तिला समजावलं की फोनला वाटतं आपण नुसती कार चालवतोय. मागे आख्खी खोली ओढत चाललोय, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? हे ज्ञान मी त्याच सकाळी एका व्हिडिओतून मिळवलं होतं, पण आवाजात जन्मभर कॅरव्हॅन ओढल्याचा अनुभव आणला.

दुकानात तीन प्रकार होते: साधा, ट्रकवाल्यांचा आणि कॅरव्हॅनवाल्यांचा. मी थेट ट्रकवाल्यांचा उचलला, कारण त्याचा स्क्रीन सगळ्यांत मोठा होता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तो तुला ट्रकच समजेल, मेट. मुक्कामाच्या जागा दाखवायच्या सोडून वजनकाटे दाखवत बसेल." मी तो परत ठेवला. मग त्याने विचारलं, "हाऊ टॉल इज शी?"

मला प्रश्न जरा खाजगी वाटला. पण इथली माणसं मोकळी असतात. मी बायकोकडे एक नजर टाकली आणि म्हणालो, "फाइव्ह टू."

"टायनी लिटल थिंग," तो म्हणाला.

"तो कॅरव्हॅनबद्दल विचारतोय," बायको म्हणाली. "आणि मी पाच तीन आहे."

शेवटी कॅरव्हॅनवाल्यांचाच घेतला. त्यात आपल्या गाडीची उंची, लांबी, वजन भरायचं, की तो ठेंगणे पूल, अरुंद गल्ल्या आणि जिथून वळता येणार नाही असे रस्ते टाळून नेतो. "उंची घरी नीट मोज," काउंटरवरच्याने बजावलं. "छतावरच्या एसीसकट."

घरी मोजायला निघालो तो रविवार होता. रविवारी आमच्याकडे फक्त मराठी. हा नियम मी केलेला, म्हणून तो फक्त मीच पाळतो. लेक नऊ वर्षांची. तिला "जेवलीस का?" विचारलं तर "येप" येतं. पुण्याला फोन लावला की "हाय आजी" आणि "बाय आजी" एवढंच. मधलं सगळं आजी एकटीच बोलते. लेकीने एकदा तरी, न सांगता, आपल्या मनाने मराठी बोलावं, एवढीच माझी इच्छा. त्यापुढे कॅरव्हॅन काहीच नव्हती. पण हे उघड बोललो असतो तर तिने ते "हाय आजी"सुद्धा बंद केलं असतं.

तर मी शिडीवर, हातात टेप. ती कारमध्ये, मांडीवर नवा जीपीएस. एसीच्या टोकापर्यंत मोजून मी वरून ओरडलो, "सव्वातीन!"

"व्हॉट्स सव्वा?"

साधं थ्री पॉइंट टू फाइव्ह म्हणायचं की नाही? पण माझ्यातला मास्तर शिडीवर चढलेला होता. "तिनाला पाव!"

"ब्रेड?"

"अगं, पाव म्हणजे क्वार्टर! सव्वा म्हणजे क्वार्टर जास्त, पावणे म्हणजे क्वार्टर कमी. सव्वातीन, पावणेतीन. आलं लक्षात?"

स्क्रीनवर बोटांची टकटक झाली. मग कारमधून आवाज आला, "ओके. इज दिस राइट, बाबा?" तिने स्क्रीन खिडकीतून बाहेर धरला. मला शिडीवरून त्यात फक्त सूर्य दिसला. पण मुलीने मराठी आकडा भरला, या आनंदात मी म्हणालो, "शाब्बास!"

सुट्ट्या लागल्या आणि आम्ही समुद्राकडे निघालो. जीपीएसमधली बाई फार शांत. मी वळण चुकलो तरी चिडली नाही. बायको म्हणाली, "हिचं लग्न झालेलं नसणार."

एका छोट्या गावात बाई म्हणाली, सरळ जा. मी सरळ चाललो. समोर रेल्वेचा जुना विटांचा पूल. बायकोने दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले. "अरे थांब! तीन मीटर लिहिलंय! थांब!"

थांबलो. मागे गाड्यांची रांग. आता कॅरव्हॅन रिव्हर्स घ्यायची, आणि त्यात स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅरव्हॅन उजवीकडे जाते. मला हे तोंडपाठ होतं, हातांना नव्हतं. बायको खाली उतरून हातवारे करू लागली. तिचा "ये" आणि "थांब" यांत फरक फक्त चेहऱ्याचा. शेवटी मागच्या यूटमधला, म्हणजे इथल्या पिकअपमधला, एक आजोबा उतरला, त्याने सगळ्या गाड्या मागे घ्यायला लावल्या आणि मला एकेक वीत मागे सरकवत सर्व्हिस रोडला लावलं. जाताना म्हणाला, "युअर जीपीएस हेट्स यू, मेट."

"हे यंत्रच मूर्ख आहे!" मी ओरडलो. "उद्याच्या उद्या परत करतो." आणि तावातावाने सेटिंग उघडलं. उंची: २.७५.

मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "दॅट वॉज मी." आणि मग, "आय'म नॉट डुइंग मराठी एनीमोर."

तिचे डोळे भरले होते. माझ्या तोंडात यंत्राबद्दलचं पुढचं वाक्य तयार होतं, ते गिळलं.

"तू मला विचारलं होतंस," मी म्हणालो. "मी न बघता शाब्बास म्हणालो. सव्वा आणि पावणे एका दमात शिकवणारा मी. तू ऐकलंस ते बरोबरच ऐकलंस, फक्त शेवटचं ऐकलंस."

बायको कारमध्ये बसत म्हणाली, "दीडशहाणा आहे तुझा बाबा."

लेकीने नाक पुसलं. "दीड इज... व्हॉट?"

"वन अँड अ हाफ."

"सो ही'ज एक्स्ट्रा स्मार्ट?"

"तसं त्याला वाटतं."

तिने जीपीएस मागून घेतला. मी गप्प बसलो. आयुष्यातलं ते माझं सर्वोत्तम शिकवणं असावं. "सव्वा इज मोअर," ती स्वतःशीच पुटपुटली आणि ३.२५ भरलं. मग स्क्रीन माझ्या नाकासमोर धरला. या वेळी मी चष्मा लावून वाचलं. बाईने न रागावता दुसरा रस्ता शोधला, लांबचा.

आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. मग तिने आईला विचारलं, "एकच्या आधी क्वार्टर कमी, त्याला काय म्हणतात? पावणेएक?"

मी आरशात पाहिलं. मराठीत विचारलं होतं. श्वासही जपून घेतला.

"त्याला पाऊण म्हणतात," बायको म्हणाली.

"ओके." तिने जरा हिशेब केला. "आई, मग बाबा दीड नाहीये. बाबा पाऊण आहे."