ईस्टरच्या पहाटेची झोप

आज संध्याकाळी लाइट गेली, मेणबत्ती लावली, आणि वितळत्या मेणाच्या वासाने मला थेट नाशिकच्या आमच्या कबरस्तानात नेऊन सोडलं.

ईस्टरच्या पहाटे अंधारातच मंडळी तिथे जमायची, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून गाणी म्हणायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची, एक नंबरची झोपाळू. पप्पांनी हाका मारमारून मला उठवून आणलं होतं. आजोबांच्या कबरीला जरा टेकले आणि तिथेच डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाणं थांबलं होतं. पाठीला दगड गार लागत होता. मेणबत्त्या विझलेल्या, माणसं निघून गेलेली. शेजारच्या मोकळ्या जागेत पप्पा एकटेच बसले होते, माझ्याकडे बघत.

"आज प्रभू कबरीतून उठला, आणि तू झोपलीस," ते हळूच म्हणाले. "इथे झोपायला पुष्कळ वेळ मिळेल, बाळा. आता ऊठ."

तेव्हा वाटलं, रागावलेत.

आता त्या मोकळ्या जागेत पप्पाच आहेत. दर ईस्टरला मी सगळ्यांच्या आधी तिथे पोचते. गजर लावावा लागत नाही, त्यांची हाक येते. त्यांच्या पलीकडे अजून एक जागा मोकळी आहे. पाय कितीही दुखले तरी मी तिथे टेकत नाही.