मोठीआईचं माहेर

लग्न कुणाचंही असो, मोठीआई मांडवात शिरली की नवरीकडं बघायचीसुद्धा नाही. पदर खोचून चहाची किटली घ्यायची आणि थेट नवऱ्या मुलाच्या आईपुढं उभी राहायची. "विहीणबाई, आधी तुमी घ्या. तुमी रुसला, तर आमच्या पोरीचं म्हायेर तुटंल." सगळा मांडव हसायचा.

मोठीआई म्हणजे माझी पणजी, आबांची आई. तिच्या लग्नात विहिणीला मानाचं लुगडं द्यायचं राहून गेलं. सासूनं परतीच्या बैलगाडीतच सांगून टाकलं, सून पुन्हा त्या दारात जाणार नाही. ती गेली नाही. सासू वारल्यावर लोक म्हणाले, जा आता. तर म्हणायची, "आता कुणाला वळखू यायची मी?" त्यामुळं आबांना आजोळच नव्हतं. सुट्टीत आमच्या बोरी गावातली पोरं मामाकडं जायची, आबा शेरडं राखायचे. म्हातारपणीही ते विसरले नव्हते.

मी शिकावं हा हट्ट मोठीआईचाच. "शिकू द्या तिला. माझ्या म्हायेरी चिठ्ठी धाडाया घरात कुणीतरी पायजे." मी शाळेत असतानाच ती गेली, चिठ्ठी राहिली. पुढं घरातली पहिली पदवी मी आणली, तेव्हा पेढा तोंडात असतानाच आबा म्हणाले, "आता माझा मामा हुडीक."

आंबेगाव तालुक्यातलं मोठीआईच्या माहेरचं गाव ठाऊक होतं, घर नव्हतं. अख्खं गाव एकाच आडनावाचं. जमीन वारसांच्या नावावर चढते ते जुने फेरफार मी पालथे घातले. मोठीआईचं नाव सरस्वती, ते कुठंच नाही. हिरमुसून घरी आले, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "कशी घावंल? सरस्वती तर सासरचं नाव. मी बी तिकडं हौसाच हाय की." आजोळी दर सुट्टीत "हौसे" ही हाक ऐकत मी वाढले, तरी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की तव्यावरची भाकरी करपली.

मग नाव सोडून बोरी शोधलं. एका वारसनोंदीत होतं, "भागू, भ्रतार गणपत, राहणार बोरी." गणपत माझे पणजोबा. पणजीचं खरं नाव भागू! मी कचेरीतच हसत सुटले. कारकुनानं पाणी पुढं केलं.

नोंदीवरून घरही कळलं. नारायणगावाहून जीपनं मंचर, तिथून त्या गावाला दुसरी जीप. आबा नवी टोपी घालून, दर फाट्याला विचारत, "त्यांनी वळख न्हाई दिली तर?"

मोठीआईच्या वडलांना दुसरेपणाच्या बायकोपासून झालेला धाकटा मुलगा हयात होता. म्हणजे आबांचा सख्खा नसला तरी मामाच, आणि वयानं आबांपेक्षा लहान. आबा पाया पडायला वाकले.

"आरं, भाच्याच्या पाया मामानं पडायचं असतं," म्हणत मामाही वाकले. दोघांची डोकी आपटली. टोप्या अंगणात.

"भागूताय कशी व्हती रं?" मामांनी टोपी झटकत विचारलं. "मी तिला बघितलीच न्हाई."

आबा सांगायला बसले ते उन्हं उतरेपर्यंत. मध्येच रडले, मध्येच मामाच्या मांडीवर थाप मारून हसले. शेवटी मीच म्हणाले, "आबा, चला. जीप जाईल."

आबांनी बाजेवर मांडी घातली. "तू जा बाय. मी सुट्टीला आलोय."

"किती दिवस?"

उत्तर मामांनी दिलं. "शाळा उघडंपत्तुर."