एकशे एकोणिसावं घर

माझी भाची आता शाळेत जाते. ती जन्मण्याआधीचा झाशीतला हिवाळा मला अजून हवासा वाटतो. ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. शाळेतून आले की मी सीपरी बाजारातल्या भाजक्या शेंगा घेऊन तिच्या पायाशी बसायची.

शाळेत मला अजून कुणाला न सापडलेल्या, एकशे एकोणिसाव्या मूलद्रव्यावर बोलायचं होतं. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे, म्हणून ताईसमोर तालीम चाले. कागदावर इंग्रजी; तिला मराठीत सांगायचं, अडलं की हिंदीत.

"सापडलंच नाही, तर गुण कुठून कळले?"

"वरच्यांवरून. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ते सोडियम, पोटॅशियमच्या उभ्या रांगेत अगदी खाली बसेल. म्हणजे मऊ धातू. आपल्याकडच्या उन्हात वितळूनच जाईल. पण फार जड, म्हणून वरच्या शेजाऱ्याइतकं तापट नसेल."

"घराण्याचं रूप घेतलं, बाबांचा राग नाही घेतला. शहाणं आहे!" ताई हसली.

पुढचं वाक्य मी गाळलं. ताईने कागद ओढून घेतला.

"हे का नाही सांगितलंस?"

"ते असंच आहे."

"सांग गं."

"ते टिकणार नाही. पापणी लवायच्या आत फुटून जाईल."

ताईने कागद खाली ठेवला. "मग त्याला मोजायचं तरी कशाला?"

"अणुगर्भाभोवती इलेक्ट्रॉन जमायला जेवढा वेळ लागतो, तेवढं राहिलं तरी मोजतात. नाव देतात. तक्त्यात घर देतात."

"एवढंसं राहिलं तरी?"

"हो."

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

संध्याकाळी शेजारच्या आंटी गाजराचा हलवा घेऊन आल्या. दारातच त्यांनी आईला विचारलं, "पहला है न बिटिया का?"

आई एरवी नुसती मान हलवून विषय बदलायची. तिने मान हलवायच्या आत खोलीतून ताईचा आवाज आला, "नहीं आंटी जी, दूसरा है."

आंटी गेल्यावर आईने हलव्याची वाटी तशीच ओट्यावर ठेवली आणि ताईच्या उशाशी जाऊन बसली. मी टरफलं गोळा करून बाहेर आले. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या.