हौसामावशींचा चाकू

पाणी मी बदललं नाही, आणि ठपका हौसामावशींच्या चाकूवर ठेवला. हे आधीच सांगून टाकतो. त्याशिवाय त्यांच्याविषयी काही चांगलं लिहायचा मला अधिकार नाही.

कुरुळीतल्या आमच्या युनिटमधून कापलेली फळं डब्यांत भरून आसपासच्या कंपन्यांच्या कँटीनला जायची. मी क्वालिटी बघायचो. मावशी गावातल्याच. सफरचंदाच्या टेबलावर सगळ्यांत जुन्या. पाटी संपली की त्यातली एक फोड खिडकीत ठेवायच्या आणि काम करता करता तिच्यावर डोळा ठेवायच्या. "सफरचंद चाकूला भीत न्हाई सायेब, वाऱ्याला भीतंय," म्हणायच्या. खरंच होतं ते. कापलेल्या फोडीला हवा लागली की ती आधी तांबूस होते, मग काळी पडते. म्हणून फोडी लगेच पावडरच्या थंड पाण्यात बुडवायच्या. काही पाट्यांनंतर त्या पाण्याचा जोर संपतो. मावशींना ते माझ्या आधी कळायचं. "पानी मेलं," एवढंच म्हणून त्या टबापासून मागे सरायच्या.

युनिटचे चाकू बोथट. मावशी घरून स्वतःचा आणायच्या. रोज धार लावून, उकळत्या पाण्यातून काढून. "बोथट चाकू फोड कापत न्हाई, चिरडतो. मग काळी पडंल न्हाईतर काय? घरी वहिनींना इचारा, तुमाला काय कळतंय!" बाकीच्या बायका हसायच्या. घरची वस्तू आत आणायला बंदी होती; मी तोंडी परवानगी दिली होती.

"लिहून द्या की सायेब."

"मी आहे ना, मावशी."

एका दुपारी गाडी गेटवर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मावशी म्हणाल्या, "पानी मेलं." नवं पाणी थंड करून पावडर मिसळायला अर्धा तास गेला असता. "चालवा, शेवटच्याच पाट्या आहेत," मी म्हणालो. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि फोडी टबात सोडल्या.

संध्याकाळी डबे परत आले. आतल्या फोडी चहात बुडवल्यासारख्या दिसत होत्या. मालकांनी कारण लेखी मागितलं. मी लिहिलं: कामगाराने परवानगीशिवाय बाहेरचा अस्वच्छ चाकू वापरला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ते सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवलं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी कागदाकडे बघत होतो. त्यांनी चाकू पुसला, फडक्यात गुंडाळला आणि निघून गेल्या.

पुढे दोन युनिटांतून मला फोन आले, बाई कशी आहे म्हणून. दोन्ही वेळा मी म्हणालो, "रेकॉर्डला आहे तेच खरं." मावशींना पुन्हा कुठे काम मिळालं नाही. अस्वच्छ म्हणून काढलेल्या बाईला खाण्याच्या वस्तूला हात कोण लावू देणार?

वर्षं गेली. युनिट बंद पडलं, बायका कुठेकुठे पांगल्या. गेल्या महिन्यात मी मावशींच्या दारात गेलो. त्या पायरीवर बसल्या होत्या. नजर बरीच गेली होती, पण आवाज त्यांनी ओळखला.

"सायेब व्हय? बसा."

मी उभाच राहिलो. "मावशी, चाकूचा काही दोष नव्हता. पाणी मी बदललं नाही. मी खोटं लिहिलं."

त्या शांतपणे म्हणाल्या, "ते मला म्हाईतच हाय. ज्यांच्या म्होरं मला घान म्हनलं, त्यांस्नी सांगितलं का?"

"त्या आता कुठे आहेत, मला माहीत नाही."

"मग मला एकटीला कशाला सांगताय?"

मी खाली वाकलो, त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, "चुकलो, मावशी. मला माफ करा."